मराठी येत नाही म्हणून खोल्या रिकाम्या करायला सांगावे का?

कोल्हापूरजवळच्या उचगाव येथील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. नाव छापू नये, अशी त्यांची विनंती आहे. पत्र मोठे असल्याने त्यातील मुख्य मजकूर येथे देत आहे.

"आमच्या घरामागच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने देतो. सध्या तेथे बिहारच्या मधुबनी जिल्ह्यातील एक कुटुंब राहते. नवरा शिरोली औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत मोल्डिंगला आहे. बायको घरीच असते. मोठी मुलगी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत चौथीत शिकते आणि धाकटा अंगणवाडीत जातो. भाडे वेळेवर येते, त्यांचा काही त्रास नाही. पण दीड वर्ष झाले तरी बाईला मराठी येत नाही. गेल्या महिन्यात नळावर भांडण झाले. पाणी सुटल्यावर कोणीतरी तिला 'नंबर कुणाचा?' म्हणून विचारले. तिला ते कळले नाही, ती नुसती हसली आणि तिने घागर लावली. ती उर्मट आहे, असे सगळ्यांनी ठरवून टाकले. तेव्हापासून गल्लीतील लोक आणि माझे दीर म्हणत आहेत की, करार संपला की त्यांना काढा, आणि यापुढे मराठी न बोलणाऱ्यांना खोल्या द्यायच्या नाहीत, असे गल्लीने मिळून ठरवू या. माझा मुलगा जर्मनीत, स्टुटगार्टला आहे. सूनबाई तिथे गेली, जर्मन शिकली, परीक्षाही दिली. मग हिला मराठी का शिकता येऊ नये, असे मलाही वाटते. मी तिच्याशी हिंदीत बोलते, ते चुकते का? मुलीच्या बाईंनी घरी फक्त मराठीच बोला, असा निरोप पाठवला आहे, तो बरोबर आहे का? आणि दवाखान्यात, बँकेत, सगळीकडे ती नऊ वर्षांची पोरच दुभाषी म्हणून जाते, ते बघून जीव तुटतो. मी काय करावे?"

भगिनी,

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आडपडदा न ठेवता देते. मराठी येत नाही, एवढ्या एका कारणावरून त्या कुटुंबाला खोल्या रिकाम्या करायला सांगू नका. भाडे थकले असते, दारूचा किंवा मारामारीचा त्रास असता किंवा तुम्हालाच त्या खोल्यांची गरज लागली असती, तर गोष्ट वेगळी होती. तसे काहीच नाही, हे तुम्ही स्वतः लिहिले आहे.

मात्र त्या बाईला मराठी यावी ही तुमची अपेक्षा रास्त आहे, आणि त्या अपेक्षेबद्दल मनात अपराधीपणा बाळगण्याचे काहीही कारण नाही. महाराष्ट्रात सर्व माध्यमांच्या आणि सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी शिकवणे २०२०च्या कायद्याने बंधनकारक झाले आहे. राज्याची भाषा राज्यात राहणाऱ्याला यावी, हे त्यामागचे साधे तत्त्व आहे आणि ते मला मनापासून मान्य आहे. शिवाय कोल्हापुरात राहून मराठी न येण्याचा पहिला फटका तिलाच बसतो. अंगणवाडीतील सूचना, रेशन दुकानातील फलक, वीजबिलावरचा मजकूर, डॉक्टरांनी सांगितलेले पथ्य हे सगळे तिला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागते, आणि ज्याला स्वतः विचारता येत नाही त्याला फसवायला फार हुशारी लागत नाही. तेव्हा प्रश्न तिने मराठी शिकावी की नाही, हा नाही. ती कोणाकडून, केव्हा आणि कशी शिकणार, हा आहे, आणि त्याचा विचार आतापर्यंत तुमच्या गल्लीत कोणी केलेला दिसत नाही.

तुमच्या सूनबाईंचा उल्लेख पत्रात आला हे फार बरे झाले. जर्मनीने परदेशातून राहायला येणाऱ्या लोकांसाठी २००५पासून सरकारी अभ्यासक्रम चालवला आहे. त्यात सर्वसाधारणपणे भाषेचे ६०० तास आणि तिथले कायदे, इतिहास व समाजजीवन यांची ओळख करून देणारे १०० तास असतात. प्रत्येक तास ४५ मिनिटांचा असतो आणि खर्चाचा मोठा भाग सरकार उचलते. तुमच्या सूनबाई याच अभ्यासक्रमातून शिकल्या की एखाद्या खासगी वर्गातून, हे पत्रावरून कळत नाही, पण कोणत्याही वाटेने गेल्या असल्या तरी त्यांना समोर बसून शिकवणारा शिक्षक मिळाला, हातात पुस्तक मिळाले, ठरलेली वेळ मिळाली आणि चुका केल्या तर हसणार नाहीत असे सोबती मिळाले. जर्मनीत नवख्या माणसांना सगळे डोक्यावर घेतात, असे मी म्हणत नाही. तिथेही बाहेरून आलेल्या लोकांवरून निवडणुका तापतात आणि भाड्याचे घर शोधताना परकी आडनावे अडचणीची ठरतात. तरीही भाषेची अपेक्षा ठेवणाऱ्या व्यवस्थेने भाषा शिकवण्याची जबाबदारीही पत्करली, हे नाकारता येत नाही. मधुबनीहून उचगावला आलेल्या बाईला मराठीचे सहाशे तास सोडा, सहा तास तरी कोणी दिले आहेत का? सुनेची आणि तिची तुलना करायची असेल तर ती येथपासून सुरू करायला हवी.

तिचा दिवस कसा जात असेल, याचा थोडा विचार करा. नवरा फौंड्रीत ज्यांच्याबरोबर साचे भरतो ते बिहारचे, उत्तर प्रदेशचे किंवा ओडिशाचे. त्यांचा ठेकेदार हिंदीत बोलतो आणि मराठी सुपरवायझरही भट्टीच्या आवाजात मोडक्यातोडक्या हिंदीतच ओरडतो. पाळी संपवून घरी आलेला माणूस बायकोसाठी मराठी घेऊन येत नाही. भाजीवाली आणि किराणा दुकानदार तिचा चेहरामोहरा पाहून आपण होऊन हिंदीत सुरू होतात. तुम्ही मायेपोटी हिंदीत बोलता. गल्लीतील इतर बायका नळावरच्या त्या दिवसापासून तिच्याशी बोलतच नाहीत. म्हणजे दीड वर्ष कोल्हापुरात राहूनही तिच्याशी मराठीत बोलणारे एकही माणूस तिला भेटलेले नाही. आणखी एक गोष्ट कदाचित तुमच्या लक्षात आली नसेल. मधुबनीकडची घरची भाषा मैथिली असते, हिंदी नव्हे. मैथिलीचा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत २००३च्या घटनादुरुस्तीने समावेश झाला. ती बाई शाळेत फार शिकलेली नसेल, तर तुम्ही ज्या भाषेत तिची सोय पाहता ती हिंदीही तिला अर्धीमुर्धीच येत असण्याची शक्यता आहे. बोलताना तुम्ही दोघीही आपापली भाषा बाजूला ठेवत आहात.

म्हणून हिंदीच्या प्रश्नावर माझे सांगणे असे आहे. हिंदीत बोलणे चुकीचे नाही, पण फक्त हिंदीत बोलल्याने तिचे शिकणे थांबते. रोजचे साधे बोलणे आधी मराठीत बोला, सावकाश बोला, हाताने दाखवा, आणि अगदीच कळले नाही तर मग हिंदीत सांगा. 'पाणी सुटलं, घागर आण', 'आज भाजी काय केली?', 'पोराला ताप आहे का?', 'दार लावून घे' ही वाक्ये आठवड्यात दहादा कानावर पडली की तिला अर्थ विचारावा लागणार नाही. तिने मोडके मराठी बोलले तर लगेच दुरुस्त करत बसू नका. उत्तर देताना तेच वाक्य तुम्ही नीट बोललात की पुरे. गॅस, औषधे, पैसे आणि कागदपत्रे यांच्याबाबत मात्र कोणताही प्रयोग न करता तिला कळेल त्या भाषेतच सांगा. तिथे समजुतीचा घोटाळा परवडत नाही.

तुमचे गाव गांधीनगर आणि वळिवडे यांच्या शेजारी आहे, म्हणून एक गोष्ट तुमच्या दिरांनाही आठवत असेल. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीने घरादारातून उचलून सायबेरियाच्या बाजूला नेलेली पोलिश माणसे सुटका झाल्यावर इराणमार्गे भारतात आली. त्यांच्यापैकी सुमारे पाच हजार माणसे, बहुतांश बायका आणि मुले, १९४३पासून पुढची चार-पाच वर्षे वळिवड्याच्या छावणीत राहिली. छावणीत त्यांच्या पोलिश शाळा होत्या, चर्च होते, दुकाने होती. त्यांचे मराठीवाचून फारसे अडत नव्हते आणि युद्ध संपल्यावर आपण परत जाणार किंवा दुसऱ्या देशात जाणार, हे त्यांना माहीत होते. त्यांना मराठी आली नाही, म्हणून आज कोणी त्यांना नावे ठेवत नाही. उलट त्या आसऱ्याचा आपल्याला अभिमान आहे. वॉर्सा शहरात कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे आणि ऑगस्ट २०२४मध्ये पंतप्रधान तेथे जाऊन आले, तेव्हा साऱ्या जिल्ह्याने ती बातमी कौतुकाने वाचली.

त्याच जागी, म्हणजे आजच्या गांधीनगरात, फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. ते कायमचे राहण्यासाठी आले होते. सिंध सोडून आलेल्या त्या माणसांच्या जिभेवर पहिल्या दिवशी मराठी असणे शक्यच नव्हते, आणि त्या वेळीही ही माणसे कोण, कोठून आली, आपल्यात कशी मिसळणार, असे प्रश्न लोकांच्या मनात आले असतीलच. आज गांधीनगरच्या घाऊक कापड बाजारात लग्नाचा बस्ता बांधायला गेलात, तर गादीवरचा सिंधी व्यापारी 'बसा पावणं, च्या घ्या' म्हणत ठसठशीत कोल्हापुरीत भाव सांगतो. त्याच्या घरात सिंधी अजून बोलली जाते, देव्हाऱ्यात झूलेलाल असतो आणि दारात गिऱ्हाईक उभे राहिले की मराठी सुरू होते. या दोन्ही लोकांना येथे थारा मिळाला. फरक असा की, सिंधी माणसांचा आपल्याशी रोजचा व्यवहार सुरू झाला. भाव, उधारी, पोरांच्या शाळा, एकमेकांच्या घरची लग्नकार्ये यांतून त्यांच्याकडे भाषा आली. तिच्यासाठी त्यांच्या दारावर कोणाला अट लटकवावी लागली नाही. त्या बिहारी बाईशी गल्लीने बोलणे बंद केले, तर तिच्याकडे मराठी येण्याचा एकमेव रस्ता गल्लीनेच बंद केला, असे होईल.

आता एक कठीण प्रश्न. गल्लीचा राग खरोखर भाषेवरचा आहे का? दर वर्षी ऊसतोडीच्या हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे आपल्या जिल्ह्यात येतात. ती माणसे मराठीच बोलतात, आपल्याच राज्याची आहेत, आपल्याच देवांना नवस बोलतात. तरीही ती फडाशेजारी कोप्या घालून गावाबाहेर राहतात, त्यांची पोरे शाळेतून सुटतात आणि गावात काही चोरीला गेले की पहिले बोट त्यांच्याकडे जाते. तिथे भाषेची सबब नाही. उद्या तुमच्या मागच्या खोल्यांत एखादा इंग्रजी बोलणारा परदेशी अभियंता राहायला आला, तर त्याला मराठी येत नाही म्हणून कोणी तक्रार करणार नाही. पोरे त्याच्याशी इंग्रजी बोलायला धावतील. माझे मत असे आहे की, गल्लीच्या मनात नवख्या माणसाची, त्यातही गरीब नवख्या माणसाची भीती आहे, आणि मराठीचे नाव घेतल्याने ती भीती सांगायला प्रतिष्ठित कारण मिळते. माझ्या भाषेचा असा वापर झालेला मला आवडत नाही. मराठीवर प्रेम असणाऱ्याने ती दुसऱ्याला शिकवावी. दुसऱ्याला हाकलण्यासाठी ती हातात घेतली की, त्या माणसाच्या मनात ती कायमची शिव्यांची भाषा होऊन बसते.

गल्लीच्या तक्रारीत खरे काहीच नाही, असेही मी म्हणणार नाही. आमच्या पोरांना काम मिळत नाही आणि बाहेरची माणसे भरली जातात, हे दुःख खरे आहे. भट्टीजवळचे उष्ण, धुळीचे, अंगमेहनतीचे काम स्थानिक तरुण करायला तयार नाहीत, असे कारखानदार सांगतात. त्यात तथ्य आहे, पण ती अर्धी बाजू आहे. गावापासून दूर आलेला, ठेकेदाराच्या उपकारावर जगणारा, स्थानिक भाषा न येणारा कामगार जास्त तास राबतो, कमी बोलतो आणि तक्रार घेऊन कोठे जात नाही, हेही काहींच्या सोयीचे असते. वेतन, पाळीचे तास आणि सुरक्षितता यांचा जाब ठेकेदाराला आणि कारखान्याला विचारायला हवा, आणि तो विचारताना हा बिहारी कामगार तुमच्या पोरांच्या बाजूला उभा राहील, कारण वेतन वाढले तर दोघांचेही वाढेल. नळावर घागर लावून उभ्या असलेल्या त्याच्या बायकोने कोणाच्याही पोराची नोकरी घेतलेली नाही.

नळाचा प्रसंग मात्र असाच सोडून देऊ नका. तुम्ही स्वतः चार बायकांना गाठून सांगा की, तिला प्रश्न कळला नाही, आणि न कळल्यावर काय करावे हे न सुचून ती हसली. अनोळखी भाषेत कोणी दरडावून विचारले की माणूस बहुधा हसतो किंवा मान डोलावतो. तुमच्या सूनबाईंना विचारा, सुरुवातीच्या महिन्यांत तिकीट तपासनीस काही बोलला की त्या काय करत होत्या. त्याचबरोबर तिलाही नंबराची रीत एकदा नीट समजावून सांगा. पाणी किती वाजता सुटते, कळश्या कोणत्या क्रमाने लागतात, कोणाकडे म्हातारे माणूस आहे म्हणून त्यांना आधी भरू देतात, हे नियम कोठे लिहिलेले नसतात आणि नवख्याला ते कोणी सांगत नाही. पहिले काही दिवस तुम्ही तिच्याबरोबर नळावर उभ्या राहा. भिशीला किंवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलवा, आणि पहिल्या वेळी निरोप न धाडता स्वतः घेऊन जा, कारण एकटीने अनोळखी बायकांच्या दारात पाऊल टाकण्याचे धैर्य तिला होणार नाही. कार्तिकात छठ पूजा असते. त्या दिवसांत तिच्या घरी ठेकुआ हा गोड पदार्थ होईल. तो मागून चार घरी वाटायला लावा. एकदा नावाने ओळख झाली की, 'ती बिहारीण' हा उल्लेख मागे पडायला वेळ लागत नाही.

मुलीबद्दल तुम्ही जे लिहिले आहे, ती मला सगळ्या पत्रातील सर्वांत गंभीर गोष्ट वाटते. नऊ वर्षांच्या मुलीने दुकानात आईला मदत केली, शाळेची सूचना वाचून दाखवली, यात वावगे काही नाही. अशा मुलांमध्ये एक समंजसपणा येतो आणि दोन भाषांत ये-जा करण्याची कला त्यांना लवकर साधते. पण दवाखान्यात तिला आईच्या पाळीबद्दल, रक्तस्रावाबद्दल, गाठीबद्दल डॉक्टरांचे बोलणे आईला सांगावे लागत असेल, तर ते तिच्या वयाला पेलणारे ओझे नाही. तिला अर्धे शब्द कळत नाहीत, काही सांगायला लाज वाटते, काही आई घाबरेल म्हणून ती गाळते, आणि चुकीचे सांगितल्याने आईला काही झाले तर तो दोष आपला, असे तिला वाटत राहते. शिवाय त्या दिवशी तिची शाळा बुडते. बँकेत आणि मालकाच्या दारात तीच बोलत असल्याने घरात किती पैसे आहेत आणि किती देणे आहे, हेही तिला या वयात कळते.

येथे तुमची मदत खरोखर उपयोगी पडेल. पुढच्या वेळी दवाखान्यात तिच्या आईबरोबर तुम्ही जा. तुमची हिंदी कामचलाऊ असली तरी एक प्रौढ बाई बरोबर असल्याने मोठा फरक पडेल. गावातील आशा ताईंची आणि तिची गाठ घालून द्या. धाकट्याच्या लसीकरणासाठी त्यांचा संबंध येतोच. ताईंना सांगा की, मुलीच्या तोंडून काही सांगू नका, मला बोलावा. बँकेच्या कामाला नवऱ्याने सुटीच्या दिवशी स्वतः जावे, असे त्याला स्पष्ट सांगा. त्याचा पगार बुडतो म्हणून मुलीची शाळा बुडवणे बरोबर नाही, हे त्याला तुमच्याकडून ऐकायला मिळाले तर तो ऐकेल, असे तुमच्या पत्रातील त्याच्या वर्णनावरून वाटते.

घरी फक्त मराठी बोला, हा शाळेतील बाईंचा निरोप त्यांनी चांगल्या हेतूने पाठवला असणार, पण तो पाळू नये, असेच मी सांगेन. जी भाषा आईला येत नाही त्या भाषेत ती मुलीला समजावू शकत नाही, रागावू शकत नाही, झोपवताना गोष्ट सांगू शकत नाही. मग घरात बोलणेच कमी होते. लहानपणी ज्या मुलाची घरची भाषा भक्कम असते, त्याला दुसरी भाषा शिकणे सोपे जाते, कारण गोष्ट कशी सांगायची, कारण कसे द्यायचे, प्रश्न कसा विचारायचा, हे त्याला आधीच आलेले असते. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, हे आपल्या राज्यघटनेतही लिहिलेले आहे, आणि बालभारती मराठीखेरीज हिंदी, उर्दू, कन्नड, गुजराती, सिंधी आणि तेलुगू माध्यमांची पुस्तकेही काढते, ते याच विचाराने. मैथिलीची शाळा कोल्हापुरात मिळणार नाही, म्हणून घर हीच त्या मुलीची मैथिलीची शाळा आहे. ती तरी चालू राहू द्या. तुमचा नातू स्टुटगार्टमध्ये बालवाडीत जात असेल आणि तिथल्या शिक्षिकेने तुमच्या सुनेला 'घरात मराठी बंद करा' असे सांगितले, तर व्हिडिओ कॉलवर तुमच्याशी तो कोणत्या भाषेत बोलेल? मुलीच्या शाळेतील बाईंना हेच तुम्ही शांतपणे सांगा.

मुलीच्या मराठीसाठी करण्यासारखे खूप आहे. तिला देवनागरी वाचता येतेच. अडखळते ते बहुधा 'ळ'पाशी, कारण तो तिच्या ओळखीच्या हिंदी वाचनात नसतो, आणि 'च' व 'ज' यांच्या दोन-दोन उच्चारांपाशी. संध्याकाळी अर्धा तास तुमच्या ओट्यावर बसवून तिच्याकडून एखादे मराठी गोष्टींचे पुस्तक किंवा वर्तमानपत्रातील मुलांचे पान मोठ्याने वाचून घ्या. आईलाही शेजारी बसू द्या. पोरीला येते ते आपल्याला यावे, असे प्रत्येक आईला वाटते, आणि लहान मुलासाठी चाललेल्या अभ्यासात मोठ्या माणसाला लाज न वाटता शिकता येते.

आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट दुसऱ्या बाजूनेही माहीत आहे. निपाणी आणि बेळगाव परिसरात आपली किती तरी सोयरीक आहे. १९५६च्या राज्य पुनर्रचनेनंतर तिकडच्या मराठी माणसांना सरकारी कागद, फलक आणि परिपत्रके न समजणाऱ्या भाषेत हाती पडतात, तेव्हा त्यांची काय अवस्था होते, हे आपण लग्नाकार्यात त्यांच्याच तोंडून ऐकतो, आणि मराठीतून कागद मिळावेत ही त्यांची मागणी आपण उचलून धरतो. तिकडच्या आपल्या आत्याला कन्नड नीट येत नाही म्हणून कोणी घर नाकारले, तर आपल्याला संताप येईल. तो संताप योग्य असेल. मग उचगावातही तोच न्याय लावायला हवा. सीमाभागात सारा गावच मराठी आहे आणि हे कुटुंब दुसऱ्या प्रांतातून आलेले आहे, हा फरक मी विसरलेले नाही. म्हणूनच त्या बाईने मराठी शिकावी, हे मी सुरुवातीलाच लिहिले. पण भाषा येत नाही म्हणून छप्पर नाकारणे, हे दोन्हीकडे सारखेच अन्यायाचे आहे.

खोल्या द्यायच्या नाहीत, असा ठराव गल्लीने करण्याबद्दल तर मला अधिक कळकळीने लिहावेसे वाटते. ज्या शहराला राजर्षी शाहू महाराजांचे शहर म्हणवून घेताना आपली मान ताठ होते, तिथे १९०१पासून निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली, कारण खेड्यातून शिकायला आलेल्या मुलांची शहरात राहण्या-जेवण्याची सोय नव्हती. नवख्या पोराला डोक्यावर छप्पर मिळाले नाही तर तो शिकणार कसा, हा तो विचार होता. महाराजांनी राजस्थानातील उणियाऱ्याच्या गायक उस्ताद अल्लादिया खाँ यांनाही येथे दरबारी आश्रय दिला, हे आपण अभिमानाने सांगतो. मात्र येथे राहायला जागा मिळण्यासाठी कोणी अल्लादिया खाँ असण्याची गरज नाही. साचा नीट भरणारा कामगार असला तरी पुरे. दिरांशी बोलताना कायद्याचा आधारही घ्या. भारतात कोठेही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क राज्यघटनेच्या १९व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला दिला आहे. गल्लीच्या बैठकीत हात वर करून तो काढून घेता येत नाही. दीर वडीलधारे आहेत, तेव्हा चारचौघांत वाद घालू नका. घरी, जेवणानंतर बोला, आणि त्यांना नेमकी कशाची धास्ती वाटते ते आधी ऐकून घ्या. ती धास्ती माणसे अनोळखी असण्याची असेल, तर त्यावर उपाय आहे.

तो उपाय कागदपत्रांचा आहे. भाडेकरार लेखी करून त्याची नोंदणी करणे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार आवश्यक आहे आणि ती जबाबदारी मालकाची असते. तुमचे अकरा महिन्यांचे करार नोंदवलेले नसतील, तर या वेळी नोंदवा. भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात द्या, ओळखपत्रांच्या प्रती स्वतःकडे ठेवा आणि हे सगळे झाले आहे, असे दिरांना व शेजाऱ्यांना मोकळेपणाने सांगा. कोण आहेत, कोठले आहेत, कोठे कामाला आहेत, याची नोंद असली की कुजबुज आपोआप कमी होते, आणि नोंदलेला करार त्या कुटुंबालाही रहिवासाचा पुरावा म्हणून उपयोगी पडतो. करारातील अटी सही घेण्यापूर्वी भाडेकरूला हिंदीत समजावून सांगा.

आणि करार पुढे वाढवणार आहात, हे त्यांना आताच सांगून टाका. नळावरच्या भांडणानंतर आपल्याला काढणार, ही कुणकुण त्यांना लागली असणारच. चालू करार वार्षिक परीक्षेच्या आधी संपत असेल, तर ऐन परीक्षेच्या तोंडावर खोली शोधावी लागेल की काय, शाळा बदलावी लागेल की काय, ही टांगती तलवार त्या मुलीच्या डोक्यावर राहू नये.